दोन्ही बाजूंना आमचेच सभासद

२०२४ च्या मार्चमध्ये आमच्या चेंबरच्या, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संस्थेच्या, कार्यालयात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच विषय चालायचा: आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच). सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा काम घेतलं, पैसे द्यायची मुदत उलटली आणि ३१ मार्चपर्यंतही ते दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार नव्हता. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. ही मुदत २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यातच होती, पण ती पाळणारे थोडे. आता कर भरावा लागणार म्हटल्यावर सगळे जागे झाले.

कार्यकारिणीच्या बैठकीत मोठे कारखानदार आणि व्यापारी म्हणाले, कलम एक वर्ष पुढे ढकला असं निवेदन चेंबरनं सरकारला द्यावं. छोटे कारखानदार ऐकून घेत होते. त्यांना हे कलम हवं होतं, पण ज्यांच्याकडून त्यांचे पैसे यायचे तेच समोर बसलेले. निवेदनाचा मसुदा करायचं काम सचिव म्हणून माझ्याकडे आलं आणि तो कागद टेबलावर कोराच पडून होता.

त्याच आठवड्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले एक काका आले. त्यांचं जॉबवर्कचं शॉप आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी यंत्रं) आणि काही जुने लेथ. एका पंप बनवणाऱ्या कंपनीचं कास्टिंग यांच्याकडे येतं, मशीनिंग होऊन परत जातं. काकांना बँकेची सीसी लिमिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा) वाढवून हवी होती आणि त्यासाठी चेंबरचं शिफारसपत्र. मी स्टेटमेंट आणि येणेबाकीची यादी मागितली. यादीत एकाच गिऱ्हाइकाकडे १८ लाखांच्या आसपास रक्कम, त्यातली काही बिलं ऑक्टोबरची. लिमिट वाढवून त्यांनी आणखी व्याज भरलं असतं, आणि पैसा मात्र कंपनीकडेच राहिला असता.

"काका, हे मागितलं का त्यांच्याकडं?"

"मागितलं की ताई. परवा डेबिट नोटा पाठवल्या त्यांनी. रिजेक्शन म्हणून."

त्या नोटा, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याचे कागद, फेब्रुवारीच्या होत्या आणि माल ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. कायद्यानं खरेदीदाराला मालाबद्दल हरकत घ्यायची असेल तर माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी घ्यावी लागते. नाही घेतली तर माल मिळाला त्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. मी काकांना शॉपवरून सगळी चलनं मागवायला सांगितली. त्यांच्या मुलानं फायली आणल्या आणि आम्ही ती चलनं बैठकीच्या लांब टेबलावर तारखेप्रमाणे मांडली. प्रत्येकावर कंपनीच्या गेटचा निळा इनवर्ड शिक्का, शिक्क्याच्या चौकटीत पेननं लिहिलेली तारीख, खाली स्टोअरमधल्या माणसाची सही. काही चलनांवर कटिंग ऑइलचे डाग पडून सही पुसट झाली होती, तिथं बिलाची तारीख ताडून पाहिली. १५ दिवसांच्या आत आलेली एकही लेखी हरकत सापडली नाही. काकांचं उद्यम प्रमाणपत्रही (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं) या सगळ्या बिलांच्या आधीचं होतं, आणि ते फार महत्त्वाचं. नोंदणी नंतर केलेल्या कितीतरी जणांना आम्हाला निराश करावं लागतं.

मी त्यांना सरकारच्या समाधान पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे, जायचा रस्ता समजावला. तिथं रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज मिळतं. तेव्हा बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे २०.२५ टक्के, तेही मासिक चक्रवाढीनं. निकाल विरोधात गेला तर कंपनीला कोर्टात जाण्याआधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. काकांनी सगळं नीट ऐकलं.

"व्याज नको. मुद्दल मिळू दे. बोललो तर काम जातंय, नाही बोललो तर पोरांचा पगार राहतोय. माझं निम्म्याहून जास्त काम त्यांचंच आहे."

कायद्याच्या पुस्तकात या भीतीला उत्तर नाही. मी अध्यक्षांकडे गेले. त्या कंपनीचे संचालक आमच्या कार्यकारिणीवर होते. अध्यक्षांनी यादी पाहिली आणि विचारलं, "यांचं काम करणारे आपले आणखी सभासद किती?" बरेच होते. मी एकेकाला फोन लावले. दोघांनी नको म्हणून सांगितलं, बाकीच्यांनी येणेबाकी पाठवली. त्यातून एक एकत्रित यादी झाली, चेंबरच्या लेटरहेडवर, माझ्या सहीनं. काकांचं नाव इतर नावांमध्ये, मधेच कुठंतरी. अध्यक्षांनी संचालकांना स्वतः फोन करून दुपारी चहाला बोलावलं.

ते अकाउंट्स मॅनेजरना घेऊन आले. यादी वाचून त्यांचा चेहरा उतरला. "आमच्याच संस्थेत आम्हाला आरोपी करताय?" हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, या यादीतले सगळे तुमच्यासारखेच वर्गणी भरतात."

रिजेक्शनचा मुद्दा निघाला तेव्हा मी चलनं आणि डेबिट नोटा शेजारी शेजारी ठेवल्या. मॅनेजरनी दोन्ही तारखा वाचल्या आणि साहेबांकडे पाहिलं. मग सीएंना फोन झाला. सूट सोडून कमी दराची करपद्धत घेतलेल्या कंपनीला थकलेल्या दर कोटीमागे २५ लाखांच्या आसपास कर बसणार होता. शिवाय ४५ दिवसांवर थकलेली देणी कंपनीला एमएसएमई-१ फॉर्ममध्ये दर सहामाहीला जाहीर करावी लागतात आणि त्याची पुढची तारीख ३० एप्रिल होती.

फोन ठेवल्यावर संचालक वेगळ्या आवाजात बोलायला लागले. त्यांचं स्वतःचं एका सरकारी पाणीयोजनेचं बिल कित्येक महिने अडकलेलं होतं. त्यांचा उद्योग मध्यम गटात, म्हणून ४५ दिवसांचं संरक्षण त्यांना नाही. आणि सरकारी खातं आयकर भरत नाही, त्यामुळे या कलमाचा चटका त्याला बसायचा प्रश्नच नाही. त्यांनी कागद दाखवले. माझी त्यांच्याबद्दलची चीड तिथं बरीच ओसरली. वरचा पाट अडला की खालच्या वाफ्यांना पाणी कुठून मिळणार? तरीही वरून आलं नाही म्हणून सगळ्यात लहान माणसाचं थांबवायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

संध्याकाळपर्यंत ठरलं ते असं. यादीतल्या सर्व सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचं मुद्दल ३१ मार्चच्या आत, डेबिट नोटा मागे, व्याजाचा आग्रह नाही. संचालकांच्या अडकलेल्या बिलासाठी चेंबर संबंधित खात्याकडे पाठपुरावा करणार. व्याज सोडणं मला जड गेलं, कारण तो त्या लोकांचा हक्क होता. पण निर्णय त्यांचा होता आणि त्यांनी फोनवर तो एकमतानं दिला.

रात्री मी निवेदन लिहायला बसले. १९२७ मध्ये वालचंद हिराचंदांनी महाराष्ट्र चेंबर उभं केलं तेव्हापासून व्यापाऱ्यांचं म्हणणं सरकारपुढे मांडणं हे आपल्याकडच्या चेंबर्सचं मुख्य काम राहिलं आहे, आणि त्यात आपसातल्या देण्याघेण्याकडे पाठ फिरवायची सवय लागते. कलम पुढे ढकलण्याची मागणी मी मसुद्यात घातली नाही. सरकारी खाती आणि महामंडळांनी ४५ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर व्याज आपोआप जमा व्हावं, आणि मध्यम उद्योगालाही हे संरक्षण मिळावं, एवढंच लिहिलं. कार्यकारिणीत त्यावर पुन्हा वाद झाला. मसुद्याच्या बाजूनं पहिले बोलले ते पंपवाले साहेब.

काकांचे पैसे मार्चअखेरीस आरटीजीएसनं जमा झाले. पुढे कंपनीच्या पर्चेसमधल्या कुणीतरी त्यांना उद्यम नोंदणी रद्द करा असं सुचवलं, म्हणजे मुदतीची कटकटच नको. त्यांनी विचारलं तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटलं. त्यांनी नोंदणी ठेवली. थोडं काम कमी झालं, ते त्यांनी ट्रॅक्टरच्या पार्टवर भरून काढलं. ४५ दिवसांची अट छापलेला पर्चेस ऑर्डरचा नमुना आता आमच्या काउंटरवर असतो. सभासद नसलेल्यांनाही तो आम्ही देतो.