शिडाच्या गलबतावर जेवायला

पणजीच्या जेट्टीवरून संध्याकाळी निघणाऱ्या बोटी गोव्यात राहायला आल्यापासून पाहतेय. दिव्यांच्या माळा, मोठ्यानं गाणी. परवा मात्र लाकडी शिडाच्या गलबतावर जेवायला गेलो. कोल्हापूरच्या मंडळींना ते सविस्तर सांगायलाच हवं.

एप्रिलमध्ये इथे दुपारपासून समुद्रावरून वारा सुटतो, शाळेत शिकलो ते खारे वारे. मांडवीचं मुख पश्चिमेला, म्हणजे बाहेर पडताना वारा थेट तोंडावर. त्याच्या समोर शीड चालत नाही, म्हणून जाताना इंजिन. उजव्या काठाला रेइश मागुशचा किल्ला, पुढे आग्वाद. 1612 सालच्या या किल्ल्यात गोड्या पाण्याचं प्रचंड टाकं आहे. लांबच्या सफरीवर निघणारी जहाजं इथून पाणी भरून घ्यायची.

काबो या भूशिरासमोर गलबत वळलं, इंजिन बंद झालं आणि खलाशांनी दोर ओढून शीड चढवलं. वारा आता पाठीशी. शीड फुगलं तसं पायाखालचं सगळं लाकूड करकरलं आणि आम्ही नुसत्या वाऱ्यावर पणजीकडे निघालो. इतका वेळ बोलणारी माणसं आपोआप गप्प झाली.

"ताईनू, जेवून घेवा. दिस बुडालो काय वारो पडतलो," गलबताचे प्रमुख, मालवणकडचे तांडेल म्हणाले. तसंच झालं. जमिनीवरून येणारे मतलई वारे सुटायला रात्र व्हावी लागते. मधल्या वेळात शीड लोंबतं.

जेवण काठावरून शिजवून आणलेलं. तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी आणि शेवटी मानकुराद. हापूसपेक्षा मला आता हाच आंबा आवडतो, लिहूनच टाकते.

याच नदीत, वरच्या अंगाला दिवाडी बेट आहे. अजिंठ्याच्या चित्रावरून घडवलेलं 'कौंडिण्य' हे जहाज तिथेच बांधलं. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये ते पाण्यात उतरलं आणि पुढे पोरबंदरहून मस्कतला गेलं, केवळ शिडावर. ही विद्या जाणणारे हात फार थोडे उरलेत. म्हणून पाहुण्यांना मी आता आग्रहानं शिडाचीच बोट सांगते.

पावसाळ्यात नदीचं मुख खवळतं, तेव्हा ही सफर नाही. आत्या, काका, यायचं तर मे संपायच्या आत या.