समुद्राच्या घड्याळावर बेत

गुरुवार, रात्री उशिरा

या शनिवारच्या डेटला बाहेर जेवायला जायचं नाही, असं माझं आणि जोडीदाराचं ठरलं. जेवणाशी माझं वैर नाही. पण टेबलाच्या दोन बाजूंना बसलं की बोलणं आपोआप त्याच वाटेने जातं: ऑफिस, घराची कामं, कुणाला फोन करायचा राहिलाय. इतकी वर्षं एकत्र काढल्यावर माझ्या लक्षात आलंय की आमच्या सगळ्यात चांगल्या गप्पा शेजारी-शेजारी असताना झाल्या आहेत, दोघांची नजर एकाच गोष्टीवर असताना. आणि समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या शहरात बघण्यासारखं काही शोधावं लागत नाही.

तरी ‘चल, बीचवर जाऊ’ हा काही बेत झाला नाही. दुपारी चारच्या गर्दीतला किनारा आणि पहाटेच्या ओहोटीतला किनारा या दोन वेगळ्या जागा आहेत, पत्ता एक असला तरी. म्हणून मी ‘काय करायचं’ यापेक्षा ‘केव्हा’ याच्या मागे लागले. भरती-ओहोटीचं वेळापत्रक, तिथी आणि वाऱ्याचा अंदाज, एवढंच समोर घेऊन बसले. तासाभरात शनिवार जवळजवळ आपोआप उभा राहिला.

अमावस्या होऊन दोनच दिवस झालेले असतील. म्हणजे उधाणाचे दिवस. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे भरती जास्त चढते आणि ओहोटीला पाणी तितकंच लांब जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. खडकांवर फिरायचं तर उधाणाची ओहोटी हवी. आमच्याकडे ती शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आहे. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, दोन भरत्यांमध्ये अंदाजे १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून ‘दर शनिवारी सहा वाजता’ असं समुद्राच्या बाबतीत ठरवता येत नाही, आणि मला तेच आवडतं. (सगळीकडे हे असंच चालतं असंही नाही. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकदाच भरती येते, आणि ताहितीला तर ती रोज जवळपास त्याच वेळी येते, दुपारी आणि मध्यरात्री. त्यामुळे आपल्या किनाऱ्याचंच वेळापत्रक बघावं.)

त्याला फक्त एवढंच सांगितलं: चारला निघायचं, पायात न घसरणाऱ्या चपला हव्यात, आणि परतायची घाई नको.

शनिवार, रात्र

किती लांब गेलं होतं पाणी! एरवी लाटा जिथे फुटतात तिथून आम्ही सरळ चालत पुढे गेलो.

ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड तास आधी खडकांवर पोचायचं, हे मुद्दाम ठरवलं होतं. पाणी उतरत असताना आपण त्याच्या मागे-मागे जातो, म्हणजे पाठीमागून पाणी चढण्याची धास्ती राहत नाही. आणि परतायचं ते पाणी वळलं की लगेच. दर्यावर्दी लोकांचा बारा भागांचा एक जुना हिशेब आहे: ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढणीच्या बाराव्या हिश्शाएवढंच चढतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन. म्हणजे सुरुवातीला वाटतं, काहीच होत नाहीये, आणि मग मधल्या दोन तासांत निम्मी भरती भरते. हे त्याला सांगितलं तेव्हा तो थांबून म्हणाला, “म्हणजे फसवायला पुरेसा वेळ देतो हा.” त्यानंतर घड्याळावर लक्ष ठेवायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं.

खडकांच्या खळग्यांत पाणी साठलेलं होतं आणि प्रत्येक खळग्यात एक वस्ती. समुद्रफुलं हात पसरून बसलेली. आमची सावली पडली की मासे दगडाखाली. दुसऱ्याचा रिकामा शंख पाठीवर घेऊन फिरणारा खेकडा आम्ही हलायचं थांबल्यावरच बाहेर आला. त्याच्यासाठी आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून राहिलो, एक शब्द न बोलता, आणि खेकडा चालायला लागला तेव्हा जोडीदाराने माझा दंड पकडला. किती दिवसांनी आम्ही एकत्र कशाची तरी वाट पाहिली होती.

काहीच उचललं नाही. शंकूच्या आकाराचे सुंदर शंख तर मुळीच हाताळायचे नाहीत. आत जिवंत प्राणी असेल तर त्याचा दंश विषारी असतो, आणि काही जातींचा माणसाच्या जिवावर बेततो. उलटवलेला दगड पुन्हा तसाच ठेवायचा, नाहीतर त्याच्या खालची वस्ती उन्हात मरते. डेटसाठी एवढे नियम कशाला, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, एकमेकांना जपण्याचा सूर त्या नियमांनीच लागतो. “इथे घसरेल,” “हात दे,” “थांब, आधी मी बघतो,” हेच आज तासभर चाललं होतं.

वाळूवर आलो तर सगळीकडे मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी. छोटे खेकडे ओली वाळू तोंडात घालून तिच्यावरचा खाण्याजोगा थर काढून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. बिळाभोवती त्या गोळ्या किरणांसारख्या पसरतात. पुढच्या भरतीत सगळं पुसलं जाणार, हे माहीत असून आम्ही त्यातून पाय चुकवत चाललो.

मग सूर्यास्त, आणि तो दोनदा. हे मी कधीपासून मनात ठेवलं होतं. वाळूवर अगदी पालथं पडायचं, हनुवटी टेकवायची आणि सूर्याचा वरचा शेवटचा कण पाण्याखाली जाईपर्यंत बघायचं. गेला की ताडकन उभं राहायचं. सूर्य परत दिसतो! डोळे दीड-पावणेदोन मीटर वर गेले की क्षितिज लांब जातं, वाळूवरून हाकेवर वाटणारं ते साडेचार किलोमीटरांपलीकडे सरकतं, आणि आपल्याला उष्ण कटिबंधात साधारण दहा सेकंद जास्त मिळतात. जवळ दीपगृह असेल आणि एकजण ४० मीटरवरच्या सज्जात उभा असेल, तर त्याला तोच सूर्य आणखी पाऊण मिनिटभर दिसत राहील. तो आणि मी फोनवर बोलत हे करणार आहोत: एक खाली, एक वर, आणि “गेला” असं दोघांनी आपापल्या वेळी म्हणायचं. पृथ्वी गोल असल्याचा यापेक्षा जवळचा पुरावा मला माहीत नाही. (सूर्याचा शेवटचा कण राहीपर्यंत थेट बघायचं नाही, तोवर नजर पाण्यावर.)

इथे अंधारही लवकर पडतो. सूर्य तिरका न जाता जवळजवळ उभा खाली उतरतो, म्हणून संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटपतो. लंडनमध्ये जूनमध्ये त्याच्या दुप्पट वेळ लागतो. त्यामुळे “सूर्यास्त झाल्यावर बघू” म्हणणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. आम्ही मात्र त्याच वीस मिनिटांसाठी बसून राहिलो होतो, आणि पश्चिमेला द्वितीयेची कोर दिसली. उष्ण कटिबंधात ती पुष्कळदा अशी आडवी दिसते, होडीसारखी. काळजीपूर्वक पाहिलं तर कोरीच्या आतला उरलेला गोलही मंद राखाडी दिसतो. तो पृथ्वीवरून परतलेल्या उजेडाने उजळलेला असतो. आपल्याकडचा उजेड तिकडे जाऊन परत आपल्या डोळ्यांत. हे सांगताना माझा आवाज जरा हलला.

रविवार

काल चंद्र मावळल्यावर आम्ही पाण्याकडे पुन्हा गेलो होतो. लाटेत निळी चमक दिसते का, हे बघायला. ती दिसली नाही.

काही सूक्ष्म सागरी जीव पाणी ढवळलं की प्रकाश देतात, नॉक्टिलुका त्यांतला एक. त्यासाठी चंद्र नको, दिव्यांचा झगमगाट नको, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं हवीत. मध्येच फोन उघडला की ती सगळी मेहनत वाया. तरीही ते जीव त्या दिवशी त्या पाण्यात असतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. पोर्तो रिकोतल्या व्हिएकेसच्या मॉस्किटो बेसारख्या मोजक्या जागी ती चमक जवळपास कायम असते. बाकीच्यांनी अमावस्येच्या आसपास अंधाऱ्या किनाऱ्यावर जाऊन बसावं, इतकंच. पण ती अर्धी-पाऊण तासाची फोनविरहित बैठक मला फार आवडली. तो त्याच्या वडिलांविषयी बोलला. दिव्याखाली तो कधीच बोलला नव्हता ते.

एक संशोधन मला या सगळ्याच्या अगदी जवळचं वाटतं. मानसशास्त्रज्ञ आर्थर अॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेलं. त्यात काही जोडप्यांची मनगटं आणि घोटे एकमेकांना बांधून त्यांना गादीवरून रांगत, हात न लावता, एक उशी अडथळ्यापलीकडे न्यायला लावली. काहींना एक साधं, कंटाळवाणं काम दिलं. अवघ्या सात मिनिटांचं काम होतं. नंतर विचारल्यावर, नवं आणि धडपडीचं काम मिळालेल्या जोडप्यांना आपलं नातं जास्त चांगलं वाटू लागल्याचं दिसलं. मी यातून एवढंच घेते की बेत महाग असायची गरज नाही. दोघांनाही तो थोडा अनोळखी हवा, आणि दोघांची गरज लागायला हवी. एकजण तज्ज्ञ आणि दुसरा प्रेक्षक, असा बेत मला नको.

म्हणून पुढच्या वेळी दोघांची कयाक. सकाळी लवकर, कारण दुपारकडे जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी खवळतं. पहाटे ते बरंचसं शांत असतं. जाताना वाऱ्याच्या दिशेला तोंड करून जायचं, म्हणजे थकून परतताना वारा पाठीशी. लाइफ जॅकेट अंगात, आणि कुठे जातोय ते किनाऱ्यावर कुणाला तरी माहीत हवं. खारफुटीच्या खाडीत शिरायचं असेल तर भरती बघून, नाहीतर चिखलात अडकायला होतं.

मंगळवार

चंद्राचा बेतही लिहून ठेवते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. पूर्वेला समुद्र असेल तर ती संध्याकाळ सोडू नये. आणखी चांगलं म्हणजे दुसऱ्या दिवशी जावं, कारण तेव्हा चंद्र सुमारे पाऊण तासाने उशिरा, चांगल्याच अंधारात वर येतो. आमचा समुद्र पश्चिमेला. आम्हाला त्याच्या उलट करायचंय: चतुर्दशीची रात्र संपत येताना उठून जायचं. तेव्हा चंद्र समुद्रात मावळताना दिसेल, आणि इथे त्या वेळी ओहोटीही असेल, पाणी लांब आणि किनारा ओला. पहाटेची डेट ठरवावी लागते, ती आपोआप होत नाही. आदल्या रात्री लवकर झोपणं हाही तिचाच भाग, आणि त्याला झोप प्रिय आहे, म्हणून आधी विचारलं. तो हो म्हणाला.

आणि एक बेत वर्षातून दोनदाच मिळतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या कुठल्याही गावात वर्षातून दोन दिवस भर माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. ती वेळ घड्याळातल्या बाराला असतेच असं नाही, आधी शोधून ठेवावी लागते. विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या शहरांत यातला एक दिवस २१ जूनच्या आधी आणि एक नंतर. दुसरा बऱ्याचदा ढगांत जातो, म्हणून पहिला धरायचा. ओल्या वाळूवर दोघांनी शेजारी उभं राहायचं, आपापल्या सावल्या आखडत जाताना बघायच्या. जेमतेम काही मिनिटांचा कार्यक्रम. कडक ऊन, त्यामुळे टोपी आणि पाणी हवंच, आणि लगेच सावलीत परत. पण त्या दिवसाची तारीख मला आत्ताच माझ्या कॅलेंडरमध्ये हवी होती, आणि मी ती घातली.

पावसाळ्याचं त्याच्यावर सोपवलंय. अट एकच: विजा असतील तर पाण्याजवळ नाही, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय बाहेर नाही. बाकी काय करायचं ते त्याने ठरवावं. तो म्हणाला, त्याला छपराखालच्या व्हरांड्यातून वादळ समुद्रावरून जमिनीकडे येताना बघायचंय, रडारचा नकाशा आणि डोळे यांत कोण आधी ओळखतं ते मोजत. मला हे कधीच सुचलं नसतं. त्याने जूनची वाट बघत त्यासाठी एक वही काढली आहे, आणि पहिल्या पानावर आमच्या शहरावरून वारा कुठल्या महिन्यात कुठून वाहतो ते लिहायला घेतलंय.