उभ्या मशीनची वीज

आज दिवसभर वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात व्हीएमसीला (धातू कापून आकार देणाऱ्या संगणकचलित मशीनला) एनर्जी मीटर जोडून बसलो होतो. जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, लावण्याआधीच त्याला किती वीज लागेल हे सिम्युलेशनने सांगायचे, असे आमचे काम आहे: जी-कोडची (मशीनला दिलेल्या सूचनांची) ओळ न् ओळ वाचून स्पिंडलचा, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याचा वेग, फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) आणि दर सेकंदाला निघणारा धातू यांवरून पॉवर काढायची आणि तिला वेळेने गुणून बेरीज करायची.

प्रत्यक्ष कटिंगचा अंदाज बऱ्यापैकी जुळला. चुकलो ते मधल्या वेळेत. जॉब बदलताना ऑपरेटर काका व्हाइसमधल्या (जॉब पकडणाऱ्या शिकंज्यातल्या) चिप्स, म्हणजे धातूचा कीस, ब्रशने झाडत होते, स्पिंडल पूर्ण थांबलेला होता, तरी कूलंट (कटिंग थंड ठेवणारे द्रव) पंप, मोटरचे ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक पॅनेलचा एसी चालूच असल्यामुळे मीटरवरचा आकडा फारसा उतरत नव्हता. "सर, मशीन उभी असली तरी खातेच की," काका सहज म्हणाले.

अमेरिकेतल्या एमआयटीतील संशोधक गुटोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वाहन उद्योगातल्या एका मशीनिंग लाइनविषयी हेच मांडले होते, की प्रत्यक्ष कटिंगवर जास्तीत जास्त १४.८ टक्केच ऊर्जा जाते. हे वाचलेले होते. डोळ्यांनी आज पाहिले, आणि खरे सांगायचे तर मन अस्वस्थ झाले.

आता मॉडेलमध्ये उभ्या मशीनची अवस्था वेगळी धरणार आहे. पॅनेलच्या एसीचा भारही तापमानानुसार घ्यावा लागेल, कारण आपल्या मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी तो क्वचितच बंद होतो. काकांकडून जॉब बदलण्याच्या वेळा वहीत लिहून घेतल्या आहेत.