आरशाची त्रिकोणी चौकट: 53 चा कोपरा जुळला, 37 चा रुसला

जमलं एकदाचं! म्हणजे तीनपैकी दोन कोपरे.

चौकट (तीन कोपऱ्यांची चौकट, चालवून घ्या) ठरल्याप्रमाणे बाहेरून 45-60-75 सेंमी. गवंडी गुण्यात (म्हणजे काटकोनात) घ्यायला वापरतात तेच 3-4-5, म्हणून एक कोन 90, उरलेले 53.13 आणि 36.87. 53 चा निम्मा करून मायटर सॉ (हव्या त्या कोनात तिरका काप घेणारी यंत्रकरवत) 26.5 वर लावला, दोन उरलेसुरले तुकडे कापून जोडले, तर कोपरा 127 चा! तासभर यंत्राला शिव्या घातल्या. मग शाळेतले दूरस्थ आंतरकोन आठवले, समोरच्या दोन कोनांची बेरीज म्हणजे बाह्यकोन: 90 अधिक 36.87. मी इमानेइतबारे बाह्यकोन कापला होता.

सॉचा शून्य म्हणजे पट्टीला सरळ आडवा काप. त्यामुळे तिथे बाह्यकोनाचा निम्मा लावायचा: 45, 63.43, 71.57. बेरीज 180 आली की हिशोब बरोबर, कारण तिन्ही बाह्यकोन मिळून 360.

पण माझा सॉ 50 च्या पुढे वळतच नाही. शेवटी पट्टी काटकोनात उभी धरून, ठोकळ्याला क्लॅम्प करून कोटिकोनावर (90 उणे हवा तो कोन) कापली. (हाताने धरायचा विचारही करू नका.) 26.57 ला 53 चा कोपरा असा बसला की फटीत कागद जाईना. दोनदा उगाच उघडून परत जोडून पाहिला.

37 च्या कोपऱ्याला आळस नडला. 18.43 ऐवजी 18 वर भागवलं. पट्टी 5 सेंमी रुंद, तिरका काप जवळजवळ 16 सेंमी लांब. आतल्या टोकाला अडीच मिलिमीटर फट. प्लास्टिकचा कोनमापक या कामाचा नाही, मुलांना देऊन टाका. भुसा-फेविकॉल भरून फट बुजवणार होतो.

हे लिहिताना आकडेमोड करत बसलो आणि थांबलोच. निम्म्या कोनांचे उतार 1:2 आणि 1:3 आहेत, अगदी नेमके! म्हणजे 5 सेंमीच्या पट्टीवर काठाने 10 किंवा 15 सेंमी मोजायचं, समोरच्या कोपऱ्याला रेघ जोडायची. अंश बघायचेच नाहीत. काटकोनाला 5. पाच, दहा, पंधरा!

तेव्हा भुसा रद्द. रेघेबाहेर हातकरवतीने कापून रंध्याने रेघेपर्यंत आणायचं, रंध्याला टेकू म्हणून प्लायची 5 बाय 15 ची पाचर. सागवान पुन्हा आणणार नाही, वखारवाल्याने गेल्या वेळी ओलंच गळ्यात मारलं. आहे त्यातच 42-56-70 करतो. आतली जागा 30-40-50 ऐवजी 27-36-45. आरसा अजून कापून आणला नव्हता, हे नशीब.