पांढरा रंग न लावता पांढरं

घड्याळाच्या जाहिरातीत निसर्ग आला की मी जरा सावधच होतो. समुद्राचा निळा, जंगलाचा हिरवा, वाळवंटाचा तपकिरी असं सगळं कौतुकानं सांगतात आणि बघायला गेलं तर डायलला नुसता रंग मारलेला असतो. पण ग्रँड सेइको या जपानी कंपनीच्या स्नोफ्लेक नावाच्या घड्याळापुढं माझा हा खडूसपणा काही टिकत नाही.

जपानात नागानो भागात शिओजिरीला त्यांचं वर्कशॉप आहे (ते त्याला स्टुडिओ म्हणतात, म्हणू देत), तिथून होताकाचे डोंगर जवळ, हिवाळ्यात त्यांच्यावर बर्फ साचतो, वाऱ्यानं त्या बर्फावर बारीक लाटा उठतात, आणि तेच यांनी डायलवर आणलंय. आणलंय म्हणजे चित्र नाही हां. डोंगर नाही, बर्फाची ती सहा टोकांची नेहमीची नक्षीसुद्धा नाही, नुसता पोत. हातभर लांबून बघितलं तर साधं पांढरं घड्याळ, कोणी परत वळून बघणार नाही. डोळ्याजवळ धरलं की मग दिसतं. आमच्यासारख्यांचा बर्फाशी संबंध जुन्या फ्रिजच्या फ्रीझरपुरता, त्यामुळे मला आधी तोच आठवला, होताका नंतर.

पण मला खरं आवडतं ते पुढेच आहे. या डायलला पांढरा रंग लावलेलाच नाही! चकतीवर आधी पोत उठवतात, मग चांदीचा मुलामा देतात, आणि त्या खडबडीत चांदीवर उजेड असा विखुरतो की आपल्याला पांढरं दिसतं. आता खरा बर्फ तरी कुठे पांढरा असतो? पारदर्शक कण सगळे, उजेड इकडेतिकडे उधळतात म्हणून पांढरे दिसतात. म्हणजे या लोकांनी बर्फाचा रंग नाही उचलला, बर्फ ज्या युक्तीनं पांढरा दिसतो ती युक्तीच उचलली. मुद्दाम केलं की होता होता झालं देव जाणे, पण मला तरी सगळ्या घड्याळात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

वर त्याचा तो निळा सेकंदकाटा. तो टकटक करत पुढे जात नाही, सरळ वाहत राहतो, एकदा बघायला लागलं की अर्धा मिनिट कुठे गेला कळत नाही. आत स्प्रिंग ड्राइव्ह. म्हणजे ताकद चावीच्या घड्याळासारखी स्प्रिंगचीच, सेल नाही काही नाही, पण शेवटचं चाक सेकंदाला आठ फेऱ्या मारतं आणि त्याला क्वार्ट्झच्या (सेलच्या घड्याळात वेळ मोजतो तो स्फटिक) हिशोबानं चुंबकाचा हलका ब्रेक लागत राहतो. दिवसाला एखाद्या सेकंदाचा फरक. ही आयडिया योशिकाझु आकाहाने नावाच्या इंजिनिअरला 1977 च्या सुमारास सुचली आणि असलं पहिलं घड्याळ बाजारात आलं 1999 ला! बावीस वर्षं. आकाहाने त्याच्या आदल्याच वर्षी गेले. आपल्याकडे बावीस वर्षं एकाच डिपार्टमेंटमध्ये एकच गोष्ट करू दिली असती का, हा विचार येतोच, असो.

नंतर मात्र कंपनीला निसर्गाचा नादच लागला. जपानी पंचांगात वर्षाचे 24 ऋतू, तर त्यावर घड्याळं काढली, वसंतातल्या शुन्बुनला पाण्यावर तरंगणाऱ्या चेरीच्या पाकळ्यांचा गुलाबी वगैरे. उत्तरेला शिझुकुइशीच्या स्टुडिओतलं व्हाइट बर्च नावाचं घड्याळ 2021 ला जिनिव्हात पुरुषांच्या घड्याळाचं बक्षीस घेऊन आलं, त्यात भूर्जाच्या खोडांचा पोत आहे आणि तो खरंच जमलाय. बाकी काहींच्या बाबतीत असं वाटतं की आधी रंग ठरला असेल आणि नंतर कुणीतरी त्याला डोंगर शोधला.

किंमत काही लाखात, तेव्हा दुकानात हातात घालून परत देणं हेच आपलं. टायटॅनियममुळे इतकं हलकं लागतं की एवढे पैसे कशाचे असा पहिला प्रश्न पडतो. तक्रार करणारे आहेतच, की आठाच्या जवळ चावी किती उरली ते दाखवणारा छोटा काटा बर्फाच्या मध्येच येतो, तो हलवून घड्याळाच्या मागच्या बाजूला न्या म्हणून. मला तो चालतो, एकदा चावी दिली की तीन दिवस चालणाऱ्या घड्याळात कामाचा आहे. काही काढायचंच असेल तर आधी ती तारखेची खिडकी काढा, तारीख फोनवर दिसते की.