यादवाड दोन आहेत, चुकीच्याला जाऊ नका

पहिल्यांदा आमचा गाढवपणा सांगतो. मोबाईलवर नुसतं ‘यादवाड’ टाकून बेळगावहून निघालो. गोकाकला चहा घेताना मित्राच्या सासऱ्यांचा फोन आला, "अरे, ते सिमेंट फॅक्टरीवालं यादवाड! शिवाजी महाराजांचं शिल्प धारवाडजवळच्या यादवाडात आहे." तेव्हा शोधताना ‘धारवाड तालुका’ जोडाच. बसने जाणाऱ्यांनी आधी धारवाड गाठावं आणि गावाकडून परतीची शेवटची बस कधी, ते उतरतानाच कंडक्टरला विचारावं.

गावात "हनुमप्पन गुडी एल्लैती?" (मारुतीचं देऊळ कुठे आहे?) एवढं कन्नड पुरतं. शिल्प मारुतीच्या देवळापाशीच आहे.

एकाच दगडात दोन प्रसंग. एकात महाराज घोड्यावर. हे रूप आपल्या ओळखीचं. दुसऱ्यात मात्र ते बसलेत, मांडीवर लेकरू आणि हातात दुधाची वाटी. टॉर्च समोरून मारला तर सगळं सपाट दिसतं. बाजूने तिरपा धरा, मग वाटीची कड उठून दिसते. आम्ही तिथेच पाऊण तास उकिडवे बसलो.

परंपरा सांगते की हे बेलवडीच्या मल्लम्मा देसाईणीने कोरून घेतलं. 1678 मध्ये, दक्षिण दिग्विजयाहून परतताना मराठी फौजेने बेलवडीच्या गढीला वेढा घातला. मल्लम्मा लढली, शेवटी हरली; महाराजांनी तिला बहीण मानून राज्य परत दिलं. राजे लोक आपली चित्रं स्वतः काढून घेतात, तलवार-सिंहासनासकट. इथे जिंकणाऱ्याची प्रतिमा हरलेल्या बाईने घडवली, आणि तिने त्याच्या मांडीवर ठेवलं ते आपलं पोर. कौतुक महाराजांचं आहेच, पण मला त्यात देसाईणीचं राजकारणही दिसतं. आमच्या वारसाला कोणाचा आधार आहे, हे येणारा-जाणारा रोज बघणार!

परतताना हायवेवर कित्तूर लागतं, तिथे थांबाच. गोष्ट पुन्हा वारसाचीच. चन्नम्मा राणीने दत्तक घेतलेल्या शिवलिंगप्पाला कंपनीने मानलं नाही, त्यातून 1824 ची लढाई झाली आणि कलेक्टर थॅकरे मारला गेला. वाड्याचे आता पडके अवशेष उरलेत. राणी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती घोड्यावरची, हातात तलवार घेतलेली. बेळगावच्या चौकात तशीच, 2007 मध्ये संसदेच्या आवारात बसवलेला पुतळाही तसाच. दत्तक पोर त्यात कुठेच नाही.

पोटपूजा धारवाडच्या खानावळीतच उरका. जोंधळ्याची भाकरी आणि एणगाई, म्हणजे भरलं वांगं. यादवाडात जेवणाच्या भरवशावर राहू नका, आम्ही तीन वाजेपर्यंत पार्ले-जीवर होतो. 23 ऑक्टोबरच्या आसपास कित्तूर उत्सव असतो. गर्दी नको असेल तर ते दिवस टाळा.