सेवाग्राम : बा-बापूंचं घर सावकाश बघा

बहुतेक लोक बापू कुटीत डोकावतात, बाहेर फोटो काढतात आणि वीस मिनिटांत पवनारला विनोबांच्या आश्रमाकडे निघतात. तसं करू नका. निदान दोन तास ठेवा आणि सुरुवात आदी निवासापासून, म्हणजे आश्रमातल्या पहिल्या घरापासून करा.

आधी स्टेशनचं. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. सेवाग्राम म्हणजे पूर्वीचं वर्धा पूर्व. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्या वर्ध्याला येतच नाहीत, तेव्हा परतीचं तिकीट नीट वाचा. वर्ध्याहून आश्रम आठेक किलोमीटर, ऑटो मिळतो. नावाचा घोळ इथे जुनाच आहे. गाव मुळात सेगाव. बापूंची पत्रं बुलढाण्यातल्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं.

आदी निवास १९३६ चं. बापूंची अट होती : खर्च ५०० रुपयांच्या आत, सामान आणि मजूर आसपासचे. तिथे सगळे एकत्र राहायचे, बांना आडोसा नव्हता. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांनी बांसाठी बा कुटी बांधली ती त्यामुळे. आदी निवास आधी बघितलं, की त्या लहानशा कुटीची किंमत कळते.

बापू कुटी मुळात मीराबेनची, म्हणजे बापूंच्या इंग्रज शिष्येची. आत मिनिटभर थांबा, डोळे सरावू द्या, मग भिंतीकडे बघा. मातीतच उठवलेला ॐ, झाडं, चरखा. सगळं मीराबेनच्या हातचं. हात मात्र लावू नका, लिंपणाचा पोपडा लगेच सुटतो. शेजारी बापूंच्या दफ्तरात (कचेरीत) व्हाइसरॉय लिनलिथगोने बसवलेला टेलिफोन सगळे बघतात. साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजराही बघा. साप मारायचा नाही, दूर नेऊन सोडायचा, त्यासाठी ही सोय.

बाहेर आल्यावर छपराकडे नजर टाका. माकडांच्या उड्यांनी कवेलू (कौलं) सरकतात, फुटतात. फटीतून पाणी मुरलं की मातीची भिंत फुगते आणि लिंपण गळतं. म्हणून अशा घरांचे कवेलू पावसाळ्याआधी फेरावेच लागतात, भिंती पुन्हा सारवाव्या लागतात. घर टिकलंय ते या मेहनतीवर.

एप्रिल-मे टाळा, ऊन सोसवत नाही. २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला गर्दी असते. जमलं तर संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबा. वेळ आल्या आल्या विचारून घ्या. तोवर बापूंनी लावलेला पिंपळ आणि बांची बकुळ बघून होते.